खोलून मिळेल

प्रत्येक गावात एक भाऊ असतो. त्याचं खरं नाव रेशनकार्डावर आणि मतदारयादीत असतं आणि ते तिथंच राहतं. गाव त्याला भाऊ म्हणतं, बायको 'अहो' म्हणते, आणि ज्याची वस्तू त्याच्या ओट्यावर खोलून पडलेली असते तो जे म्हणतो ते छापता येत नाही.

किन्हवलीचे भाऊ या जातीतले अस्सल. किन्हवली म्हणजे शहापूर तालुक्याचा मुरबाडकडे झुकलेला कोपरा. आजूबाजूच्या पाड्यांवरची माणसं बियाणं न्यायला, भात भरडायला, एसटी पकडायला, झालंच तर पोलीस ठाण्याची पायरी चढायला इथं येतात. येताना हातात बिघडलेलं काहीतरी असतं. फवारणीचा पंप, गवत कापायचं मशीन, विहिरीवरची मोटर, सासऱ्यांचा रेडिओ. भाऊंचं दुकान नाही, ओटा आहे. ओट्यावर एक सतरंजी, सतरंजीवर पान्यांची पेटी, आणि पेटीपलीकडे काल आलेल्या वस्तूचे अवयव.

वस्तू समोर आली की इतर मेकॅनिक विचारतात, "काय होतंय?" भाऊ विचारतात, "कुठनं खोलते?" तिला काय होतंय यात त्यांना फारसा रस नसतो. लग्नाला गेले तर नवरानवरी बघायच्या आधी मांडवामागचा जनरेटर बघून येतात. आजाऱ्याला भेटायला गेले की त्याची विचारपूस करता करता नजर छतावरच्या पंख्यावर जाते, आणि "पंखा कधीपासून आवाज करतोय?" या प्रश्नाला आजारी माणूस जास्त उत्साहानं उत्तर देतो. शर्टाच्या खिशाला गुरुजींच्या पेन असतं, भाऊंच्या टेस्टर असतो.

सुरुवात वडिलांच्या एचएमटी घड्याळापासून झाली. ते सव्वाचारला थांबलं ते आजही सव्वाचारच दाखवतं, आणि भाऊ सांगतात की ते बिघडलेलं नाही, "त्याचा अभ्यास राहिलाय." मग रेडिओ, मग सायकलचं फ्रीव्हील, मग शेजाऱ्याची बजाज स्कूटर. एकदा ऐन झोडणीनंतर, भात घेऊन माणसं रांगेत उभी असताना, भाऊंनी भातगिरणीचा हलर 'जरा बघतो' म्हणून खोलला. त्या वर्षी बऱ्याच घरांनी नवा तांदूळ उशिरा खाल्ला. जुना तांदूळ पचायला हलका, हे मत त्यांनी तेव्हापासून धरलंय.

लग्नात सासऱ्यांनी मिक्सर दिला. पाचपरतावण होईस्तोवर तो खोललेला होता. माहेराहून आलेली दुसरी वस्तू म्हणजे वहिनींचं शिलाई मशीन. नव्या नवलाईत भाऊ एका दुपारी स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्याच्याजवळ गेले. वहिनी ब्लाऊज बेतत होत्या. त्यांनी हातातली कात्री उचलली आणि मशीनच्या फळीवर ठेवली. तोंडातून शब्द काढला नाही. भाऊ स्क्रू ड्रायव्हर घेऊन परत ओट्यावर आले. त्या घरात आजतागायत न खोललेलं यंत्र तेवढं एकच.

"बिघडल्यावर खोलतो तो मेकॅनिक," भाऊ म्हणतात, "चालू असताना खोलतो तो अभ्यासू."

चेष्टा पुरे, एका बाबतीत भाऊंना तोड नाही. गंजून बसलेला बोल्ट त्यांच्या हातात द्यावा. दुसरा कुणी पाना लावून लोंबकळेल आणि बोल्टाचं डोकं उडवून बसेल. भाऊ आधी त्याला डिझेल पाजतात आणि चहा प्यायला निघून जातात. परत आले की हातोडीनं डोक्यावर हलक्या हातानं ठोकतात. मग पाना लावतात आणि सैल करायच्या दिशेला न फिरवता उलट जरासा आवळतात, अगदी केसभर. गंजाची पकड तिथं मोडते. बारीकसा 'टक्' होतो. तो कुणाला ऐकू येत नाही, भाऊंना येतो. मग सैल करायचं, पुन्हा थोडं आवळायचं, पुन्हा सैल. बोल्ट आट्यासकट अखंड हातात येतो आणि भाऊ तो उजेडात धरून असा बघतात की बोल्टालाही आपण कुणीतरी आहोत असं वाटावं.

पण बोल्ट हातात आला की भाऊंचं काम संपतं. त्यांच्या मते खोलणं ही विद्या आणि बसवणं ही हमाली. "आता काय, नुसतं उलटं करायचं," असं म्हणून ते हात पुसतात, आणि वस्तू पुढले दोन महिने उलटं होण्याची वाट बघत पडून राहते.

या विद्येची कसोटी लागली ती भाऊंचा भाचा जेट स्की घेऊन आला तेव्हा.

भाचा अलिबागकडच्या एका किनाऱ्यावर पर्यटकांना पाण्यावरच्या स्कूटरवर बसवून फिरवायचं काम करतो. पावसाळा आला, समुद्र खवळला की जून ते ऑगस्ट हे सगळे खेळ बंद. स्कूटरी वाळूतून ओढून शेडमध्ये जातात, पोरं भातलावणीला घरी जातात. शेठकडची एक जुनी, टू-स्ट्रोक स्कूटर हंगामभर त्रास देत होती. इंजिन ओरडायचं, पण गाडी जागची हलायची नाही. शेठ म्हणाला, बंदच्या दिवसांत कुठंतरी स्वस्तात करून आण. 'स्वस्तात' हा शब्द ऐकल्याबरोबर भाच्याला मामा आठवला.

पेण, पनवेल, कल्याण, मुरबाड असं करत ताडपत्रीखाली झाकलेली ती पिकअप किन्हवलीत शिरली तेव्हा बाजारातली निम्मी माणसं पाठोपाठ आली. ताडपत्री निघाली. होडी म्हणावी तर वल्हं नाही, स्कूटर म्हणावी तर चाक नाही. हँडल आहे, सीट आहे, आरसे आहेत. एका म्हाताऱ्यानं सीटवर हात फिरवून विचारलं, "जोतायची कुठं हिला?" निवृत्त गुरुजींनी तिला आरटीओचा नंबर असतो का ते विचारून घेतलं. कुणीतरी म्हणालं, चला, भातसावर चालवून बघू. त्यावर दुसऱ्यानं त्याला आठवण करून दिली की ते पाणी मुंबईकरांच्या पिण्याचं आहे, त्यात तुला पाय बुडवू देत नाहीत, स्कूटर कुठली घालतोस. तानसा 1892 पासून मुंबईची तहान भागवतोय, मग मोडकसागर, मग भातसा. आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर येतो. तेव्हा धरणांच्या तालुक्यात पाण्यावरची गाडी तपासायला पाणी नाही, या गोष्टीचं नवल फक्त भाच्यालाच वाटलं.

भाऊ मात्र या गप्पांत नव्हते. ते गाडीच्या मागे उकिडवे बसून तिच्या पोटात डोकावत होते. बराच वेळ बघून ते उठले आणि गर्दीला उद्देशून म्हणाले, "काय नाय यात. आपला विहिरीवरचा पंप हाय. आडवा टाकलाय."

आणि हे अगदी बरोबर होतं. या गाडीला बाहेर फिरणारा पंखा नसतो. पोटाखालच्या जाळीतून पाणी आत येतं, नळीतला इंपेलर ते रेटतो आणि मागच्या निमुळत्या तोंडातून जोरात बाहेर फेकतो. विहिरीवरचा पंप काँक्रीटला बोल्टांनी जखडलेला असतो, म्हणून तिथं पाणी पळतं. इथं पंप मोकळा, म्हणून पाणी मागं आणि पंप पुढं. वळायचं तेही त्या तोंडाची दिशा बदलूनच. म्हणून नवखा माणूस घाबरून गॅस सोडतो तेव्हा हँडल कितीही फिरवलं तरी गाडी वळत नाही, सरळ जाऊन धडकते. भाच्यानं हे सांगितल्यावर म्हातारा म्हणाला, "म्हणजे घाबरला की गेला." त्याला यंत्र सगळ्यात आधी कळलं होतं.

गुरुजींनी मग माहिती पुरवली. पाणी फेकून पळणाऱ्या होडीला आजचं रूप दिलं ते न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टननं, 1954 च्या सुमाराला. हा मेंढ्या पाळणारा शेतकरी. त्याच्याकडच्या नद्या उथळ, गोट्यांनी भरलेल्या. साध्या मोटरबोटीचा पंखा दगडाला लागून मोडायचा. म्हणून त्यानं पंखा होडीच्या पोटात घेतला. पुढं क्लेटन जेकबसन नावाच्या अमेरिकन मोटरसायकलवाल्याला जमिनीवर आपटून घ्यायचा कंटाळा आला, त्यापेक्षा पाण्यात पडलेलं बरं म्हणून त्यानं पाण्यावरची मोटरसायकल काढली, आणि कावासाकी कंपनीनं 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ती 'जेट स्की' नावानं बाजारात आणली.

"शेतकऱ्यानं काढलं का? मग बराबर," भाऊ म्हणाले. हॅमिल्टनच्या नद्या आपल्या काळू नदीसारख्याच उथळ असणार, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं, आणि आपल्याकडं हा शोध लागला नाही तो पान्यांचा चांगला सेट नसल्यामुळं, असंही.

भाच्यानं दुखणं सांगितलं. इंपेलर ज्या कड्यात फिरतो त्या कड्याला वाळूनं चरे पडले असणार. इंपेलरची पाती आणि कडं यांच्यात फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी लागते. ती वाढली की पाणी मागं फेकलं जाण्याऐवजी तिथंच घुसळत राहतं, इंजिन नुसतं ओरडतं. कडं बदललं की झालं. "मामा, मागचे चार बोल्ट काढले, दोन केबली सोडवल्या, पाइप काढले की पंप मागच्या मागं बाहेर येतो. पुढं हात लावायची गरजच नाय."

भाऊंनी त्याच्याकडे कणवेनं पाहिलं. "चार बोल्टांसाठी एवढ्या लांबून आणलीस?"

खोलण्याचा तो पहिला दिवस किन्हवलीच्या आठवणीत राहील. ओट्यासमोर खुर्च्या आल्या. वहिनींनी चहाचं मोठं पातेलं चढवलं. पंपाचे बोल्ट खाऱ्या पाण्यानं असे बसले होते की कुणालाही घाम फुटावा. पंपाचं घर अॅल्युमिनियमचं, बोल्ट स्टीलचा. दोघांच्या मध्ये समुद्राचं पाणी गेलं की अॅल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी भुकटी साचते आणि बोल्ट जागीच जाम होतो. भाऊंनी डिझेल पाजलं, हातोडीनं विनवलं, केसभर आवळलं, आणि चारही बोल्ट अखंड काढले. भाच्यानं कबूल केलं की किनाऱ्यावरचा मेकॅनिक असता तर त्यातले दोन तरी मोडले असते. टाळ्या पडल्या. पंप बाहेर आला. इंपेलरला नायलॉनच्या दोरीचा गुंडाळा बसला होता आणि कड्याला आतून बोट फिरवलं तर चरे नखाला लागत होते. दुखणं सापडलं होतं. तिथं थांबलं असतं तर संध्याकाळपर्यंत काम संपलं असतं.

पण समोर खुर्च्या होत्या. भाऊंनी सीट काढली, हँडल उतरवलं, टाकी बाहेर घेतली, कार्ब्युरेटर काढले, एक्झॉस्ट काढला. प्रत्येक भाग वर धरून ते दोन वाक्यांत त्याची ओळख करून देत. दुसऱ्या दिवशी ओट्याच्या तुळईला चेनकप्पी लावली आणि पोरांच्या "हय्या हो"वर इंजिन उचलून बाहेर काढलं. ज्या चार पायांवर ते बसलं होतं त्यांच्याखाली पातळ पत्र्याचे तुकडे निघाले. कुठं दोन, कुठं एक. भाऊंनी ते बाजूला सारले. "वायसर हायेत. कंपनी टाकते अशी जागा भरायला."

भाच्यानं येताना कंपनीच्या इंग्रजी पुस्तकाच्या झेरॉक्स आणल्या होत्या. गुरुजी त्या मोठ्यानं वाचून मराठीत सांगू लागले. भाग कसा काढायचा याच्या पायऱ्याच पायऱ्या: आधी हे सोडवा, मग ते सैल करा, मग अमुक बाजूनं ओढा, चित्र बघा. भाऊ समाधानानं मान डोलावत होते. मग गुरुजी 'बसवणे' या मथळ्यापाशी आले आणि थांबले. खाली एकच ओळ होती. वरील कृती उलट क्रमाने करावी.

"बघा!" भाऊ गरजले. "कंपनीला पण ठाऊक हाय!"

त्यांचा तो विजय पूर्ण होता. जपान, अमेरिका आणि किन्हवली या तिघांचं एकमत झालं होतं. त्या गडबडीत गुरुजी त्याच पानावरच्या चौकटींतला मजकूर वाचत राहिले, पण तो ऐकायला ओट्यावर कुणी उरलं नव्हतं. आत शिलाई मशीन तेवढं थांबलं होतं.

तिसऱ्या दिवशी खुर्च्या गेल्या. हा सृष्टीचा नियमच आहे. खोलण्याला प्रेक्षक असतात, बसवण्याला नसतात. रस्ता खणताना नारळ फुटतो, फोटो निघतो, पेढे वाटले जातात. तोच खड्डा भरायला कुणी मांडव घालून बसल्याचं ऐकिवात नाही. चौकशी समिती नेमल्याची बातमी पहिल्या पानावर येते, तिचं पुढं काय झालं ते पहिल्या पानाला कधी कळतच नाही. देशात भाऊंची संख्या मोठी आहे आणि त्यातले पुष्कळजण चांगल्या पगारावर आहेत. आमचे भाऊ निदान फुकट खोलतात.

पाऊस सुरू झाला. गाव लावणीला लागलं. भाऊंना एका पाड्यावरून सोलर पंपाचा डबा 'बघायला' बोलावणं आलं आणि ते पान्यांची पेटी घेऊन गेले. ओट्यावर जेट स्की उरली. तिच्या रिकाम्या पोटात कोंबडीनं अंडी घातली. हँडलवर ओले रेनकोट वाळत पडू लागले. शेजारचा नातू रोज संध्याकाळी सीटवर बसून तोंडानं आवाज काढत अलिबागला जाऊन येई. भाच्याचा फोन यायचा, "मामा, कुठवर आलं?" मामा पाड्यावरून सांगायचे, "अर्धं झालं." हे शंभर टक्के खरं होतं. भाऊंचं कुठलंही काम नेहमी बरोबर अर्धं झालेलं असतं.

आता वहिनींबद्दल. त्या शिवणकाम करतात आणि त्यांच्या धंद्यात उसवण्याचे पैसे मिळत नाहीत. बाईनं ब्लाऊज सैल करायला दिला तर तो उसवून, पसरून, "आतून बघा कसा असतो" म्हणून दाखवता येत नाही. हळदीच्या आत तो शिवून, हुक लावून, इस्त्री करून हातात पडावा लागतो. या धंद्यानं त्यांना एक सवय लावली होती. उसवतानाच शिवायचं लक्षात ठेवायचं. नवरा ओट्यावर बोल्ट काढून भाषण करत होता तेव्हा त्या चहाच्या निमित्तानं येऊन एकेक बोल्ट उचलून नेत होत्या.

पंख्याच्या रिकाम्या खोक्याचा एक सपाट पुठ्ठा त्यांनी कापला होता. त्यावर लेकाच्या स्केचपेननं जेट स्कीचं पोट काढलं होतं, कपड्याचा कागदी बेत काढतात तितक्या नेटकेपणानं. पंपाच्या जागी चार भोकं पाडून त्यात पंपाचे चार बोल्ट खोचले होते. जो जिथला तो तिथं. एक्झॉस्टचे एक्झॉस्टच्या जागी, हँडलचे हँडलच्या. लांब बोल्ट आणि आखूड बोल्ट यांत फसगत होऊ नये म्हणून लांबांना लाल दोरा. आणि भाऊंनी बाजूला सारलेल्या त्या पत्र्याच्या तुकड्यांसाठी जुन्या लग्नपत्रिकांची चार पाकिटं. प्रत्येकावर 'सहकुटुंब सहपरिवार' छापलेलं, आणि खाली बॉलपेननं: पुढचा उजवा, पुढचा डावा, मागचा उजवा, मागचा डावा.

ऑगस्ट निम्मा सरला तेव्हा शेठचा भाच्याला फोन आला आणि भाचा रडवेला होऊन किन्हवलीत उतरला. ओट्यावरचा पसारा बघून तो पायरीवर बसला. वहिनींनी त्याला आधी जेवायला वाढलं. मग आतून पुठ्ठा आणून त्याच्या मांडीवर ठेवला. भाचा पुठ्ठ्याकडे बघत राहिला. "मामी, हे तू…"

"हात धू आणि चल," मामी म्हणाल्या. "मला संध्याकाळी दोन परकर द्यायचेत."

नवं कडं त्यानं मुंबईहून आणलं होतं. ते घरात इतकं घट्ट बसतं की ठोकलं तर वाकडं होतं. किनाऱ्यावरच्या जाणकारानं फोनवर युक्ती सांगितली: रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव. ते बर्फाच्या ट्रेशेजारी, भिजवलेल्या डाळीच्या डब्याखाली रात्रभर राहिलं. थंडीनं आकसलं आणि सकाळी पंपाच्या घरात निमूट जाऊन बसलं. मग शेजारच्या चार पोरांना बोलावून चेनकप्पीवर इंजिन परत आत सोडलं. पोरं घाईत होती. त्यांनी ते नुसतं पायांवर टेकवलं. भाच्यानं मागून शाफ्ट घालून बघितला. जाईना. तेल लावलं, तरी जाईना. एक पोरगा हातोडी घ्यायला उठला.

वहिनी पाकिटं घेऊन आल्या. त्यांनी इंजिनाचा एकेक पाय उचलायला लावला आणि पाकिटावर लिहिल्याबरहुकूम पत्र्याचे तुकडे सारले. पुढं उजवीकडं दोन, डावीकडं एक, मागं एकेक. ते तुकडे जागा भरायला नव्हतेच. इंजिन आणि पंप एका रेषेत यावेत म्हणून कारखान्यात मोजून घातलेले असतात. रेष जराशी चुकली की शाफ्ट थरथरतो, मग सील जातो, आणि जिथून शाफ्ट आत शिरतो तिथूनच समुद्रही आत शिरतो. तुकडे बसले. भाच्यानं शाफ्ट पुन्हा लावला. तो नुसत्या दोन बोटांनी आत गेला.

पंपाचे बोल्ट भाचा एका टोकाकडून ओळीनं आवळायला लागला, तेव्हा वहिनींनी त्याचा हात धरला. आधी सगळे हातानं, मग समोरासमोरचे थोडे थोडे, मग पुन्हा. "एकीकडं ओढलंस की दुसरीकडं चुणी पडते," एवढंच स्पष्टीकरण त्यांनी दिलं. चौकटींतला मजकूर गुरुजींनी वाचला तेव्हा त्यात अगदी हेच होतं.

इंजिन सुरू करून बघायचा दिवस ठरला तसे भाऊ पाड्यावरून परतले. खुर्च्याही परतल्या, सुरू होण्याला प्रेक्षक असतात. टाकीचा नळ, त्याला रबरी पाइप, पाइपाचं दुसरं टोक गाडीच्या पाण्याच्या तोंडाला. भाऊंनी शर्टाच्या बाह्या सारल्या आणि हुकूम सोडला, "सोड रे पाणी!"

"थांब!" आतून आवाज आला. "आधी इंजिन, मग पाणी. बंद करताना आधी पाणी, मग इंजिन."

भाऊंनी पत्नीकडे पाहिलं. गुरुजींनी झेरॉक्स चाळल्या आणि चष्मा वर करून सांगितलं की बाई म्हणतायत ते बरोबर आहे, चौकटीत आहे. इंजिन बंद असताना पाणी सोडलं की ते एक्झॉस्टमध्ये साचत जातं आणि उलट फिरून सिलिंडरमध्ये शिरतं. इंजिन चालू असलं की त्याचा धूरच पाण्याला बाहेर हाकलतो. आणि पाण्यावाचून अर्ध्या मिनिटाहून जास्त चालवायचं नाही, तेही त्याच चौकटीत.

"तेच म्हणतोय मी," असं म्हणून भाऊंनी स्टार्टरचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. खुर्च्या पुढं सरकल्या. भाऊंच्या चेहऱ्यावर हळूहळू ते ओळखीचं तेज आलं आणि त्यांचा हात खिशातल्या टेस्टरकडं गेला. "करंट येत नाय. कॉइल खोलायला लागेल."

वहिनी उठल्या. दाराशेजारच्या खुंटीवर, घराच्या किल्ल्यांसोबत, एक लाल गुंडाळीची दोरी लटकत होती. चालवणारा ती मनगटाला बांधतो आणि दुसऱ्या टोकाची चकती हँडलाजवळ खोचतो. तो पाण्यात पडला की चकती निघते आणि इंजिन आपोआप बंद होतं. ती चकती खोचल्याखेरीज इंजिन सुरूच होत नाही. पहिल्या दिवशी भाऊंनी सगळ्यात आधी उपटलेली वस्तू हीच होती. वहिनींनी चकती खोचली, बाजूला झाल्या आणि बटणाकडं बोट केलं.

इंजिन असं ओरडलं की कोंबडी कौलावर गेली. पाणी सोडलं, मागून धार उडाली, पहिल्या रांगेतले तिघे भिजले. टाळ्या वाजल्या. सगळ्यांनी भाऊंचा हात हातात घेतला. म्हातारा म्हणाला, "भाऊ, तू साहेब व्हायला पायजे होतास." भाऊंनी विनयानं मान खाली घातली. वहिनी तोपर्यंत आत जाऊन परकराला नाडीची पट्टी लावत होत्या.

सप्टेंबरात समुद्र उघडला. गाडी पळाली, शेठ खूश झाला, आणि पुढच्या पावसाळ्यात आणखी तीन पाठवतो म्हणाला. तेव्हा भाऊंना वाटलं की आता ओट्याला पाटी हवी. बाजारातल्या पेंटरकडून निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत करून घेतली: 'येथे सर्व प्रकारच्या मशिनरी, पंप, वॉटर स्कूटर खोलून मिळतील.' मजकूर त्यांचाच. 'दुरुस्त करून मिळतील' असं पेंटर सुचवत होता, पण भाऊ खोटं बोलत नाहीत.

पाटी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्याखाली एक पुठ्ठा टांगलेला दिसला. स्केचपेनची अक्षरं, चारही कोपऱ्यांना भोकं पाडून लाल दोरा ओवलेला. 'बसवणावळ वेगळी पडेल. पैसे आत, शिलाई मशीनपाशी द्यावेत.'

भाऊ तो पुठ्ठा दोनदा वाचून गेले. मग त्यांनी स्टुलावर चढून त्याचा दोरा तपासला, आणि गाठ कुठून सुटते ते बघू लागले.